न विसळलेली बाटली

४ मार्च

ठमे,

पाकिटावरचं अक्षर मास्तरांचं आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच टाकून दिलं असतंस, म्हणून त्यांना बसवून पत्ता लिहून घेतला. नवऱ्याला पुढे करून धाकट्या बहिणीला फसवायचं म्हणजे मला लाज वाटायला हवी. पण मास्तर खूश आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही लिहायलाच सांगत नाही. तीन पाकिटं फुकट घालवून चौथ्यावर त्यांनी तुझा पत्ता सुवाच्य काढला.

आपण बोलायचं थांबलो त्याला अकरा वर्षं झाली. मधे आई गेली त्या दिवशी तू दाराच्या त्या बाजूला उभी होतीस आणि मी या बाजूला. मधून माणसं ये-जा करत होती आणि आपण दोघी त्यांना वाट देत होतो. तेवढीच आपली भेट.

आता पत्राचं कारण. ३१ मेला मी निवृत्त होते. घर लहान करायचं ठरलंय आणि माळ्यावर आईची भांडी निघालीत, दोन मोठ्या खोक्यांत. तुला काय हवं ते कळव. मोठं पातेलं तू लहानपणी डोक्यावर घालून फिरायचीस, त्याचा पोचा अजून तसाच आहे.

बाकी माझं छान चाललंय, उगाच कशाला खोटं सांगू. तीन शहरांच्या आरोग्य विभागाचं डोकं म्हणून बत्तीस वर्षं काढली आणि डोकं अजून शाबूत आहे. पहिल्या शहरात, बंदराच्या, सगळा वेळ उंदरांमागे गेला. दुसऱ्यात गिरण्या होत्या. तिथे बायका बाळांना लस टोचायला आणत नाहीत म्हणून माझ्या आधीचे साहेब भिंतीभिंतीवर मोठमोठे फलक लावत बसले होते. मी जाऊन दवाखान्याच्या दारात दोन दिवस नुसती बसले. लसीची वेळ आणि बायकांची पाळी सुटायची वेळ एकच होती. वेळ दोन तासांनी पुढे ढकलली, बस्स. त्यावर लोक मला हुशार म्हणायला लागले. तिसरं शहर तुला माहीतच आहे.

आमच्या कामाचं असं आहे, की ते नीट झालं तर काहीच होत नाही. सकाळी उठून सगळे आपापल्या कामाला जातात आणि त्यांना आपण का आजारी पडलो नाही असा प्रश्न कधी पडत नाही. मला हे फार आवडतं. तू म्हणायचीस की ताईला लोकांच्या घरात नाक खुपसायचा पगार मिळतो. खरं आहे.

जाता जाता एक विचारते. त्या आठवड्यात तू शाळेत मुलांना बघायला गेली होतीस, तेव्हा तिथल्या नळाचं पाणी प्यायली होतीस का? सहजच विचारतेय. कागदपत्रं आवरायला काढलीत म्हणून.

भांड्यांचं कळव.

ताई


१९ मार्च

ठमे,

तुझं कार्ड आलं. मास्तरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, त्याला फार वेळ लागला नाही. ‘भांडी नकोत. पाणी प्यायले होते. नंतर तीन दिवस पडून होते. तेव्हाच सांगितलं होतं.’

हो, सांगितलं होतंस. मी कार्ड माझ्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलंय.

आता मी सहज विचारलं नव्हतं हे कबूल करते. तुला लहानपणीही माझं ‘सहज’ कळायचं.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत नवीन प्रमुख बाई आल्या. ठेंगण्या, कडक, आवाज घंटेसारखा. त्यांनी निरीक्षकांना पाण्याचे नमुने कसे घ्यायचे ते शिकवायला वर्ग ठेवला. मी मान म्हणून मागच्या खुर्चीवर जाऊन बसले, चहा घेत. बाईंनी जंतू तपासायची बाटली वर धरली आणि म्हणाल्या, ‘हिच्या तळाशी चिमूटभर पावडर असते. ही बाटली भरण्याआधी विसळायची नाही. जी माणसं फार स्वच्छ असतात ना, तीच ही चूक करतात.’

तुझ्यासाठी सोपं करून सांगते. टाकीत जंतू मारायची पावडर टाकली की पाण्यात क्लोरीन उतरतो. नमुना बाटलीत भरला तरी तो आपलं काम थांबवत नाही. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत चार तासांत तो उरलेसुरले जंतूही मारून टाकतो आणि अहवाल येतो, पाणी शुद्ध. तळाची चिमूट त्याला तिथल्या तिथे थोपवते. बाटली विसळली की ती चिमूट गेली.

आता त्या प्रकरणाकडे ये. एका शाळेतली त्रेसष्ट मुलं जुलाब-उलट्यांनी आजारी. जेवण तुझ्या स्वयंपाकघरातून जात होतं. शाळेच्या टाकीतल्या पाण्याचा अहवाल शुद्ध आला आणि तुझ्या एका पळीवर जंतू सापडले. मी तुझ्या स्वयंपाकघराला कुलूप लावलं, तुझ्या नऊ बायकांच्या देखत. तू म्हणालीस, ‘ताई, माझं जेवण दोन शाळांत जातं, मग दुसऱ्या शाळेतलं एकही मूल कसं आजारी नाही?’ मी म्हणाले, या शाळेचे डबे शेवटी निघतात, अन्न जास्त वेळ कोमट राहतं. तू म्हणालीस, ‘मुलांना बघायला गेले, पाणी प्यायले, मग मी पडले.’ मी लिहिलं, स्वयंपाक करणारी व्यक्ती स्वतः आजारी आढळली.

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

तर संशय असा आहे, की त्या दिवशी एका अधिकाऱ्याने पाण्याची बाटली विसळली असावी. मी चौकशी करतेय. जुनी फाईल मागवली आहे. निश्चित काही कळलं की लिहीन.

ताई


२ एप्रिल

ठमे,

‘कोण अधिकारी?’

दोन शब्दांसाठी तू अख्खं कार्ड खर्च केलंस.

मी.

बघ, लिहिलं. काल दिवसभर हेच एक अक्षर लिहायचं टाळून मी घरातली तीन कपाटं आवरली. मास्तर म्हणाले, ‘अगं, इतकं स्वच्छ घर विकायला काढू या, चांगला भाव येईल.’ मग त्यांच्यावर खेकसले. मग बसले.

फाईल मागवायची मला गरजच नव्हती. नमुना कुणी घेतला हे मला त्या वर्गात, चहाचा कप हातात असतानाच आठवलं होतं. मी त्यानंतर बाईंचं एक वाक्यही ऐकलं नाही. नमुने घ्यायचं काम निरीक्षकांचं. मी डॉक्टर, विभागाची प्रमुख, मी फक्त अहवाल वाचायचे. परीक्षेत मला याच बाटलीवर प्रश्न आला होता आणि पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, पण हातात बाटली मी आयुष्यात धरली नव्हती. त्या दिवशी धरली, कारण प्रकरण माझ्या बहिणीचं होतं. निरीक्षकांपैकी कुणी मला खूश करायला तुझी बाजू घेईल अशी मला भीती वाटली. आपण कुणाचीही बाजू घेत नाही हे दाखवायला मी स्वतः गेले. शाळेच्या रखवालदाराने सांगितलं, ‘बाई, तुम्ही येणार म्हणून अर्ध्या तासापूर्वीच टाकीत पावडर टाकलीय.’ मी त्याला शाबासकी दिली. मग नळ सोडला, बाटली तीनदा खळखळून विसळली आणि भरली.

तीनदा. आईचं मोजमाप. आठवतं ना? संध्याकाळी मोरीपाशी आपण दोघी. मी घासायचे, तू विसळायचीस आणि आई पुसून फळीवर लावायची. भांडं कितीही लखलखीत असो, तीन पाण्यांतून काढल्याशिवाय ती हात लावायची नाही. ‘दिसतं स्वच्छ म्हणून स्वच्छ नसतं गं.’ विसळणं तुझं काम होतं. माझं कधीच नव्हतं. एकदाच केलं, आणि ते असं.

फाईलमध्ये आणखी एक सापडलं. आजारी मुलांच्या यादीत चार मुलं अशी आहेत, जी घरून डबा आणत. तुझ्या जेवणाला त्यांनी हातही लावला नव्हता. त्यांच्या नावापुढे माझ्या अक्षरात शेरा आहे, ‘मित्रांबरोबर वाटून खाल्ले असावे.’ कुणाला विचारून लिहिलं? कुणालाच नाही. टेबलाशी बसून लिहिलं.

आता जे सगळ्यात नकोसं आहे ते. माझं नाव या प्रकरणाने झालं, ठमे. सख्ख्या बहिणीच्या स्वयंपाकघरालाही कुलूप लावणारी अधिकारी. माझ्या खोलीत भिंतीवर जे सन्मानचिन्ह लटकतंय ते मला याच्याचसाठी मिळालं. दरवर्षी नव्या भरतीपुढे मी व्याख्यान देते आणि त्याची सुरुवात तुझ्यापासून करते. तुझं नाव घेत नाही, ‘माझी एक अगदी जवळची नातेवाईक’ म्हणते, आणि तिथे थोडी थांबते. त्या थांबण्याला नेहमी दाद मिळते. अकरा वर्षं मी तिथे थांबतेय.

मागच्या पत्रात ‘एक अधिकारी’ का लिहिलं ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

माझं चुकलं. तुझं स्वयंपाकघर स्वच्छ होतं. हे तोंडाने म्हणायला यायला हवं होतं, पण तू दार उघडलं नसतंस तर जिन्यात उभं राहून म्हणावं लागलं असतं, आणि माझे गुडघे आता जिन्यात उभं राहण्याजोगे नाहीत.

ताई


२१ एप्रिल

ठमे,

कार्ड आलं नाही. पोस्टमनची वाट बघायची मला सवय नाही, आता लागली. तो बिचारा आमच्या फाटकापाशी आला की मान खाली घालून पुढे सटकतो.

तू उत्तर दे न दे, मी कामाला लागलेय. मला निश्चित कळायला हवं होतं. विसळलेली बाटली म्हणजे फक्त माझा अहवाल कुचकामी. पाणी खराब होतं हे त्याने सिद्ध होत नाही. म्हणून शाळेत गेले. नव्या मुख्याध्यापिकांनी दुरुस्त्यांची जुनी वही काढून दिली. तुझ्या स्वयंपाकघराला कुलूप लागल्यावर तीन आठवड्यांनी सुट्टी लागली, आणि सुट्टीत एक नोंद आहे, ‘संडासामागची पाण्याची नळी बदलली.’ नळ दुरुस्त करणाऱ्याचं नावही होतं. तो आता म्हातारा आहे, मुलाच्या दुकानात बसतो. त्याला चांगलं आठवत होतं.

म्हणाला, ‘बाई, नळी दोन जागी चिरली होती, आणि खाली सगळी घाण साचलेली. मी शाळेला म्हटलं, आरोग्य विभागाला कळवा. ते म्हणाले, आता कशाला, स्वयंपाकघर बंद झालंय, मुलं बरी झालीत, विषय संपला.’

मुलं बरी झाली होती, कारण रखवालदार त्या दिवसापासून रोज टाकीत पावडर टाकत होता. मी त्याचं श्रेयही कुलपाला दिलं. आणि तुझ्या पळीवरचे जंतू ते पाणी पिऊन आल्यावर, पडण्याआधी, तुझ्याच हातून तिच्यावर गेले असणार.

मग आयुक्तांकडे गेले. पालिकेचा जुना अहवाल बदलायचा तर त्यांची सही लागते आणि ती ३१ मेच्या आत हवी. १ जूनला मी कुणीच नाही. रस्त्यावरचा खड्डा दाखवायलाही मला अर्ज करावा लागेल. आयुक्त माझ्या निम्म्या वयाचे आहेत, वागायला फार गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, ‘मॅडम, अकरा वर्षं झाली. कुणी तक्रार केलेली नाही. तुमच्या निरोपाची पुस्तिका छापायला गेलीय, तिच्यातली चार पानं याच प्रकरणाची आहेत.’

मी म्हणाले, ‘मग परत मागवा.’

‘पालिकेचं नाव खराब होईल. तुमचंही. आठ आठवड्यांत तुम्ही सन्मानाने जाताय.’

‘सहा,’ मी म्हणाले. ‘आणि ज्या बाईचं नाव आपण खराब केलं ती अकरा वर्षांपूर्वीच हे शहर सोडून गेली, सन्मानाशिवाय.’

ते म्हणाले, विचार करून सांगतो. मी म्हणाले, शांतपणे करा, पण नव्या भरतीचं व्याख्यान १४ मेला आहे आणि मी ते खरं तेच सांगून देणार आहे, तुमची सही असो वा नसो. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मी प्यायले नाही. फाईल उचलली आणि निघाले.

तुला वाटेल ताई आता मोठेपणा मिरवतेय. थोडा मिरवतेही आहे. पण खरं सांगू, ऑफिसातून चालत घरी आले आणि वाटेत मला बरं वाटत होतं. कित्येक दिवसांत इतकी भूक लागली नव्हती.

ताई


१६ मे

ठमे,

तुझं कार्ड मिळालं त्याला पंधरा दिवस होऊन गेले. उशीर का झाला ते पुढे वाच. ‘नऊ बायकांना कळवलंस का?’

नव्हतं कळवलं. मला सुचलंच नव्हतं, ठमे. आयुक्त आठवले, पुस्तिका आठवली, तू आठवलीस, मी स्वतः तर सतत आठवत होते. त्या नऊजणींची मला आठवणच झाली नाही. कार्ड काचेखाली ठेवलं आणि फाईलमधून नऊ नावं उतरवून काढली.

तर सही झाली, ५ मेला. आयुक्तांनी दोन ओळी सौम्य केल्या, मी त्यातली एक पुन्हा कडक केली, आणि आम्ही दोघांनी चहा घेतला. सुधारित अहवालाची प्रत सोबत आहे. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, ‘स्वयंपाकघर निर्दोष होते. नमुना घेताना आरोग्य अधिकाऱ्यांकडून चूक झाली.’ खाली माझी सही. वर्तमानपत्रात तो आतल्या पानावर आला, पाणीकपातीच्या बातमीशेजारी. पुस्तिकेची चार पानं काढून टाकली, त्यामुळे ती इतकी पातळ झालीय की मास्तर म्हणतात, पत्र टाकायला पाकीट म्हणून वापरता येईल.

प्रत घेऊन मी त्या बायकांकडे गेले. शिपायाबरोबर पाठवली असती, पण कुलूप लावायला मी स्वतः आले होते. नऊपैकी सातजणी सापडल्या. एक वारली. तिच्या लेकीने कागद घेतला, वाचला आणि दार लावून घेतलं. एक गाव सोडून गेलीय, पत्ता कुणालाच माहीत नाही. तुला असला तर कळव.

दोघींनी काहीच ऐकून घेतलं नाही. त्यांचं बरोबर आहे. एकीने, ती कांदे चिरणारी, जिचे डोळे कायम लाल असायचे, तिने मला दारातच झापलं. म्हणाली, ‘चार वर्षं कुठल्याही घरात कामाला गेले की विचारायचे, तू त्या स्वयंपाकघरातली ना?’ मी उभी राहून ऐकलं. झापून झाल्यावर ती म्हणाली, ‘बसा आता, पाणी घेता?’ मी घेतलं. तिच्या पेल्यातून तीन घोट प्यायले आणि तिसऱ्याला रडू आलं. ती म्हणाली, ‘अहो, उकळलेलं आहे.’

तिच्याकडूनच कळलं, की तू दरवर्षी तिला पत्र टाकतेस. सगळ्यांना टाकतेस. तिकडे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात तू चार वर्षं नोकरी केलीस आणि मग स्वतःचं काढलंस, हे मला आईकडून माहीत होतं. पण तू दर महिन्याला तुझ्या नळाचं पाणी तपासून घेतेस आणि अहवाल दारावर चिकटवतेस, हे मला त्या बाईने सांगितलं. कुणी मागत नसताना. इतकी वर्षं तू दर महिन्याला निर्दोष सुटत राहिलीस, माझ्यामुळे.

परवा व्याख्यान झालं. समोर चाळीस नवी माणसं. सुरुवात नेहमीप्रमाणेच केली, ‘माझी एक अगदी जवळची नातेवाईक’, आणि मग थांबले नाही. म्हणाले, ‘माझी धाकटी बहीण. तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं.’ मग बाटली वर धरून दाखवली. प्रयोगशाळेच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा इतका मऊ मी कधी पाहिला नव्हता. शेवटी एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, ‘मॅडम, त्यांनी तुम्हाला माफ केलं का?’

मी म्हणाले, ‘ती कार्डं पाठवते.’

वर्ग हसला. मीही हसले. पण प्रश्न काही गेला नाही.

मला तुझी आठवण येते, ठमे. अहवालात ते लिहिता आलं नाही म्हणून इथे लिहिते. उत्तर नाही आलं तरी मी पुन्हा विचारणार नाही. तुला जे परत द्यायचं होतं ते कागदावर दिलं. बाकीचं द्यायचं की नाही हे तू ठरव.

ताई


३१ मे

ठमे,

हे पत्र ऑफिसच्या टेबलावरून लिहितेय, इथलं शेवटचं. भिंतीवरचं ते चिन्ह मी आज स्वतः उतरवलं. मागे पांढरा चौकोन राहिलाय आणि तो बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ दिसतो. दुपारी निरोपसमारंभ झाला. आयुक्त छान बोलले, प्रकरणाबद्दल अवाक्षर नाही. मग प्रयोगशाळेच्या बाई उठल्या आणि त्या घंटेच्या आवाजात म्हणाल्या, ‘मी तीन ठिकाणी नोकरी केली. स्वतःचा अहवाल स्वतः खोडणारा साहेब पहिल्यांदा पाहिला.’ टाळ्या पडल्या. मी खुर्चीत जरा फुगले, हे तुझ्यापासून काय लपवायचं.

बत्तीस वर्षांचा हिशेब मांडायचा नाही असं ठरवलं होतं. पण खिडकीतून रस्ता दिसतोय, आणि रस्त्यावर सुट्टीतली मुलं खेळतायत. एकाने चेंडू दुसऱ्याच्या डोक्यात मारला. कुणालाही काही झालेलं नाही. मला आणखी काही नको होतं.

म्हणजे सकाळपर्यंत तरी असंच वाटत होतं. मग तुझं पार्सल आलं.

पोस्टमन या वेळी मान ताठ करून आला. मास्तर ते घेऊन थेट ऑफिसात आले, रिक्षाने, घरच्या चपला घालून. म्हणाले, ‘तिच्याकडून आलंय आणि आत काहीतरी काचेचं आहे, म्हणून आपटलं नाही.’ जुन्या वर्तमानपत्रांचे पाच थर निघाले. आत एक बाटली, बूच लावून, वर कागद बांधून बंद केलेली. तळाशी चिमूटभर पावडर. आणि कार्ड. आजवर आलेल्या सगळ्या कार्डांतलं सगळ्यात लांब.

‘बाटली इथल्या प्रयोगशाळेतून आणलीय. माझ्या स्वयंपाकघराचा नळ दाराच्या डाव्या हाताला आहे. ये आणि तूच नमुना घे. विसळायची नाही.’

उलट बाजूला, पेन्सिलीने, ‘नववीचा पत्ता माझ्याकडे आहे. आपण दोघी जाऊ. भांडीही घेऊन ये.’

मी ते मास्तरांना वाचून दाखवायला गेले आणि माझ्याने होईना. त्यांनीच माझ्या हातातून घेतलं आणि वाचलं, सावकाश, परीक्षेचा पेपर वाचतात तसं. मग चष्मा पुसत बसले.

आता हसू नकोस. मी बाटली हातात घेतली, जरा वेळ तशीच धरली, आणि मास्तरांशी गाडीच्या वेळांबद्दल बोलत बोलत कोपऱ्यातल्या नळापाशी गेले. वर्तमानपत्राची शाई लागली होती, म्हणून. एक हात बुचावर आणि एक हात नळावर. मास्तर म्हणाले, ‘डॉक्टरीणबाई, ठेवा ती खाली.’ ठेवली. आता ती रुमालात गुंडाळून पिशवीत आहे आणि पिशवी मास्तरांकडे आहे.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतोय. अकराला पोचू. नमुना घेईन, सही करेन, मग जेवायला थांबेन. मोठं पातेलं मांडीवर घेऊन येते, खोक्यात मावत नाही.

जेवणानंतर मोरीपाशी उभ्या राहू. मी घासते. तू विसळ.

ताई